लातूरच्या रेडिओवर आपली प्रज्ञा

प्रिय नील आणि ईरा,

मागच्या सोमवारी फोनवर ईराने विचारलं, "आजी, प्रज्ञाताई विमानात एकटीच असते, मग ती बोलते कोणाशी?" मी म्हणाले, "रेडिओवर बोलते," तर नीलला वाटलं ती गाणी ऐकत बसते. तेवढ्यात तुमची शाळेची गाडी आली आणि फोन बंद झाला. या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत मावणारं नाही. मी हिवाळ्यात लातूरला पाच दिवस राहून आले तेव्हा मलाही ते कळलं. आता प्रज्ञा पुढच्या शिक्षणासाठी दक्षिणेकडे जाणार आहे. ती इथे आहे तोवर तिला विचारून चुका दुरुस्त करता येतील, म्हणून आजच लिहायला बसले. बाबांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

प्रज्ञा म्हणजे संगीताआत्याची मुलगी, तुमची आतेबहीण, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला पाहिलंत तेव्हा ती अकरावीत होती आणि उमरीच्या शेतातल्या बोरांवरून तुमच्याशी भांडत होती. गेल्या वर्षापासून ती लातूरच्या विमानतळावर एका शाळेत विमान चालवायला शिकते.

नांदेड ते लातूर

जायचं कारण संगीताने काढलं. ती आणि तिचे यजमान विलासकाका एका संध्याकाळी मुदखेडहून नांदेडला आमच्या घरी आले. विलासकाका रेल्वेत, त्यामुळे त्यांना सुट्टी मिळाली की ते दोघं आमच्याकडेच येतात. संगीता चहाचा कप हातात धरून नुसती बसून होती.

"आई, तू जाऊन ये लातूरला," ती म्हणाली. "तिच्याबरोबरच्या दोघी एकट्या नांदेडला उडून आल्या. हिलाच सोडून नाही राहिले. फोनवर विचारलं तर 'समदं ठीक हाय' म्हणते."

"मग तू का जात नाहीस?"

"मी गेले तर रडीन. तू मास्तरीण हायस, तू विचारशील."

विमान शिकणाऱ्याला परवाना मिळण्याआधी एकट्याने एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन परत यावं लागतं. प्रज्ञासाठी ते दुसरं गाव नांदेड होतं, म्हणजे तिचं आजोळच. तिच्या शिक्षकांनी सही केल्याशिवाय तिला एकटीला जाता येणार नव्हतं, आणि ते सही करत नव्हते. ही सही अशीच लांबत गेली तर शाळा तिला घरी बसवील, ही संगीताची भीती होती. तिने ती बोलून दाखवली नाही, पण मला कळली.

सकाळच्या एस.टी.ने मी निघाले. कंडक्टर तरुण होता. त्याने मला मागच्या सीटवरून उठवून पुढे आणलं. "आज्जी, तिकडं लई आदळतंय. तुमचं काय मोडलं तर मलाच भरून द्यावं लागंल." लोहा, अहमदपूर, चाकूर असा हा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कुठे तूर काढून उभ्या केलेल्या पेंढ्या, कुठे करडईची पिवळी काटेरी फुलं, आणि हरभऱ्याची हिरवी चादर. तुमच्या तिकडे शेताला कुंपण असतं. इथे एका माणसाचं शेत संपून दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ते फक्त त्या दोघांनाच माहीत असतं.

प्रज्ञा एका खोलीत भाड्याने राहते. घरमालकीण गयाबाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, उंच आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या अंगणात पाण्याचे ड्रम ओळीने मांडलेले होते. मी हात धुवायला नळ सोडला तर त्या म्हणाल्या, "ताई, नळ दाखवायला हाय. पानी ड्रमातलं घ्या." आम्हा नांदेडच्या लोकांना गोदावरी उशाशी, त्यामुळे आम्ही पाणी सांडतो. लातूरचा माणूस तांब्या धुतलेलं पाणीही तुळशीला घालतो. पाच दिवसांत मीही शिकले.

प्रज्ञा दुपारी आली. उन्हाने रापलेली, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या शर्टावर दोन पट्ट्या. "आज्जी, तू कशी काय?" म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. तिला बरं वाटलं हे दिसलं. मी का आले तेही तिला समजलं असावं, कारण तिने विचारलं नाही.

रेडिओची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुशीला केली. तुम्हाला आठवतो ना, चुरमुरे भिजवून, शेंगदाण्याचं कूट घालून फोडणीला टाकतात तो आपला नाष्टा. एक डबा भरून घेतला आणि प्रज्ञाच्या स्कूटीवर मागे बसून विमानतळावर गेले. गावाबाहेर मोकळं माळरान आणि त्यात एक लांबलचक धावपट्टी. तुम्ही ज्या विमानतळांवर उतरता तशी काचेची इमारत मनात आणू नका. इथे एक हँगर, दोन-तीन खोल्या, चार-पाच लहान विमानं आणि पुष्कळ वारा.

प्रज्ञाचे शिक्षक कॅप्टन इनामदार मूळचे उदगीरचे. मोठ्या विमानांवर वर्षानुवर्षं काम करून ते आता मुलांना शिकवायला इकडे आले आहेत. त्यांनी मला "मॅडम" म्हणून नमस्कार केला, आणि मी वयाने मोठी आहे हे लक्षात आल्यावर "आपा" म्हणायला लागले. आपा म्हणजे ताई. आपल्याकडे निजामाच्या वेळेपासूनचे असे शब्द घरोघरी आहेत.

"बसा आपा, आरामात. खुर्ची इकडं ओढा, पंखा इथं लागतो."

ती रेडिओची खोली. टेबलावर दोन पेट्या, एक स्पीकर, आणि एक बोलायचा माइक, ज्याच्या बुडाला दाबायची पट्टी असते. पट्टी दाबली की बोलायचं, सोडली की ऐकायचं. वर उडणारी मुलं त्यांच्या विमानातून असंच बटण दाबून बोलत होती, आणि कॅप्टन खिडकीतून त्यांच्याकडे बघत उत्तर देत होते. मला वाटलं होतं खूप बोलणं चालत असेल. प्रत्यक्षात सगळं अगदी थोडक्यात होतं. आधी कोणाला बोलावतो आहे ते, मग आपण कोण ते, मग कुठे आहोत आणि काय करणार ते. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

कॅप्टन धावपट्टीकडे बघायला बाहेर गेले. मी माझी पिशवी टेबलावर ठेवली आणि प्रज्ञाला म्हणाले, "सुशीलात मीठ कमी पडलंय गं. गयाबाईंचं मीठ फिकं आहे. आणि त्या कूट किती जाड करतात बघ." ती काही बोलणार इतक्यात कॅप्टन धावत आत आले आणि त्यांनी माझी पिशवी उचलली. डबा माइकच्या पट्टीवर बसला होता.

"आपा," ते म्हणाले, "तुमच्या डब्यानं लातूरचं आकाश बंद केलं होतं."

स्पीकरमधून लगेच एका मुलाचा आवाज आला. "सर, सुशीला उरेल का?"

"ब्राव्हो किलो, रेडिओवर चेष्टा नाही," कॅप्टन त्या मुलाच्या विमानाचं नाव घेऊन करड्या आवाजात म्हणाले, आणि पट्टी सोडल्यावर हसले. मी मात्र शरमले. पण त्यामुळे मला पहिली गोष्ट समजली. तिथे वाट एकच असते. एकजण बोलत असला की बाकी सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागतं, आणि दोघं एकदम बोलले तर नुसती किरकिर ऐकू येते, कोणाचंच कळत नाही. म्हणून तिथे कोणी पाल्हाळ लावत नाही.

दुसरी गोष्ट ऐकून माझ्यातली इंग्रजीची शिक्षिका दुखावली. ही मुलं 'थ्री'ला 'ट्री' म्हणतात, 'फाइव्ह'ला 'फाइफ', 'नाइन'ला 'नाइनर'. मी तीस वर्षं मुलांचे उच्चार सुधारले, त्यामुळे मी कॅप्टनांना म्हणाले की हे सुधारायला हवं. ते म्हणाले, "हे जगभर असंच आहे आपा. जपानचा पायलट असो की नायजेरियाचा, खरखरीतून आकडा कळला पाहिजे. सुंदर बोलायचं नाही, कळेल असं बोलायचं."

आणि तिसरी गोष्ट म्हणजे, वर जे काही सांगितलं जातं ते पायलटने परत म्हणून दाखवायचं. 'या उंचीवर राहा' असं सांगितलं तर 'या उंचीवर राहते' असं उंचीच्या आकड्यासकट म्हणायचं. सांगणाऱ्याने ते ऐकायचं, चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. नुसतं 'रॉजर' म्हणजे 'तुमचं बोलणं पूर्ण पोचलं'.

"आता तुमच्या नातीचं ऐका," कॅप्टन म्हणाले. प्रज्ञा तोवर दुसऱ्या शिक्षकांबरोबर वर गेली होती. तिचा आवाज स्पीकरवर आला, स्वच्छ आणि शांत. कॅप्टनांनी माइक तोंडापासून लांब धरून, अर्धं तोंडातल्या तोंडात, काहीतरी भराभर सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही.

"रॉजर, सर," प्रज्ञा म्हणाली.

कॅप्टनांनी माझ्याकडे बघितलं. ती खाली उतरून आल्यावर त्यांनी विचारलं, "बेटा, मी मघाशी काय सांगितलं?"

तिने मान खाली घातली.

"मग रॉजर का म्हणालीस?"

कॅप्टन मला बाहेर घेऊन आले. "पोरगी हुशार आहे आपा. हात लई चांगला. हवा कळते तिला. पण एक ऐब आहे. सगळ्याला हो म्हणते. कळलं तरी हो, नाही कळलं तरी हो. 'से अगेन', म्हणजे परत सांगा, एवढे दोन शब्द तिच्या तोंडातून निघत नाहीत. अशा मुलीला मी एकटीला वर कसं सोडू? मला रात्री झोप येईल का?"

परत येताना स्कूटीवर मी तिला विचारलं. तिने मागे न बघता उत्तर दिलं, "सरांना दुसऱ्यांदा कसं विचारू आज्जी? त्यांना वाटंल माझं लक्ष नव्हतं. आणि एवढ्या मोठ्या माणसाला परत बोलायला लावायचं म्हणजे."

"आणि रागावले तर?"

"रागावले तर ठीक हाय. पण मी परत विचारलं हेच बरं दिसत न्हाई."

येळवशीच्या शेतात

त्यानंतरच्या दिवशी येळवस होती. हा सण आपल्या नांदेडकडे कमी, लातूरकडे फार. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, विमानशाळेलाही सुट्टी. शेतात कडब्याची खोप करतात, तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडून पूजा करतात आणि ओळखी-अनोळखी सगळ्यांना जेवायला बसवतात. आपल्या घरात पूजा नाही, हे गयाबाईंना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "पूजा मी करते. जेवन तुमी करा. दोन्ही कामं वाटून घिऊ."

शेत औशाच्या बाजूला. भज्जी खाल्ली, म्हणजे वाटाणे, हरभरे, तुरीचे ओले दाणे, मेथी, पात, जे काही शेतात हिरवं असेल ते सगळं बेसनात एकत्र शिजवलेलं. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली गार आंबील. आंबील ताकाची आणि ज्वारीच्या पिठाची असते. तुमच्या बाबांना ती आवडत नसे, कारण त्यांनी लातूरची कधी प्याली नव्हती.

जेवून खोपेच्या सावलीत बसलो तेव्हा मी प्रज्ञाला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण ते तुमच्याही घरचं आहे.

माझे वडील, तुमचे पणजोबा, उमरीजवळच्या एका खेड्यात गावकीची कामं करत. देशमुखांच्या दारात लांब उभं राहून काम ऐकायचं. एकदाच सांगितलं जाई. ऐकू आलं नाही तरी "जी" म्हणायचं आणि मग वाटेत कोणालातरी विचारून अंदाजाने काम करायचं. परत विचारलं तर शिवी, कधी त्याहून वाईट. छप्पन साली आपल्या घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडिलांनी ती कामं सोडली. मला शाळेत घातलं, मग तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेजात पाठवलं. नाव बदललं नाही, पण उभं राहण्याची पद्धत बदलली. मात्र ही एक सवय घरात राहिली. मोठ्यांनी एकदा सांगितलं की हो म्हणायचं, परत विचारायचं नाही. आम्ही तिला वळण म्हणत आलो. ती वळण म्हणून आली नव्हती. ती लांब उभं राहायच्या दिवसांतून आली होती.

प्रज्ञाने कडब्याची काडी मोडत तुमच्या आजोबांचा विषय काढला. "मग आबांना परत विचारलेलं चालत न्हाई, ते बी त्यामुळंच?"

"तेही त्यामुळेच."

"हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

"तू विचारलं नाहीस," मी म्हणाले, आणि ती पहिल्यांदा हसली.

मग आम्ही सराव केला. तिच्या सरावाचा कागद घेऊन मी विहिरीजवळ जाऊन उभी राहिले, ती खोपेपाशी. मध्ये हरभऱ्याचे दोन पट्टे. मी कागदावरची इंग्रजी वाक्यं मुद्दाम पदर तोंडावर धरून, वाऱ्याकडे तोंड करून म्हणायची, आणि तिला कळलं नाही तर तिने ओरडून 'से अगेन' म्हणायचं. पहिल्या वेळी ती "रॉजर" म्हणाली. दुसऱ्या वेळी काहीच म्हणाली नाही. गयाबाईंचं सगळं घर बघायला जमलं.

"ह्यो कसला खेळ म्हनं?" गयाबाईंनी विचारलं. प्रज्ञाने त्यांना समजावलं.

"मग इचार की पोरी. एवढी पल्ल्याड उभी हाय म्हातारी, तिला काय कळंल तुला ऐकू आलं का न्हाई ते? आमचा बैल बी पुन्हा हाक मारल्याबिगर वळत न्हाई."

"से अगेन," प्रज्ञा म्हणाली. इतक्या हळू की ते मला ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं," गयाबाई म्हणाल्या.

"से अगेन, आज्जी!"

"आज्जी नको," मी तिकडून ओरडले. "मी टॉवर आहे."

खरं सांगते, पहिल्यांदा तिने मला तसं खणखणीत परत विचारलं तेव्हा क्षणभर मलाच खटकलं. मग मी तेच वाक्य पुन्हा वाचलं, पदर काढून. तिने ते सगळं परत म्हणून दाखवलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही चालू ठेवलं. शेवटी माझा घसा बसला. गयाबाईंनी मला आंबीलीचं आणखी एक भांडं दिलं आणि म्हणाल्या, "टावरनं आता बसावं."

वर एकटी

नंतरच्या दिवशी कॅप्टन इनामदार स्वतः तिच्याबरोबर वर गेले. खाली आल्यावर ते म्हणाले, "मी दोनदा तोंडात बोललो, तिनं दोनदा विचारलं." आणि सही केली. कॅप्टन म्हणाले, "माझ्या शेजारी बसून विचारणं वेगळं आपा. एकटी असताना काय करते ते उद्या कळेल."

म्हणून पाचव्या दिवशी मी त्या खोलीत सकाळपासून बसले होते. पिशवी मांडीवर. स्पीकरवर तिचा आवाज आला, तयार असल्याचं सांगणारा, आणि ते पांढरं विमान धावपट्टीवरून उठलं आणि लहान होत होत ईशान्येकडे दिसेनासं झालं. थोड्या वेळाने ती म्हणाली की आता ती नांदेडच्या लोकांशी बोलणार आहे, आणि त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

"आता ती नांदेडची," कॅप्टन म्हणाले. "तिथला टॉवर वेगळ्या वाटेवर बोलतो, आपल्याला ऐकू येणार नाही. चहा घ्या."

मी चहा घेतला. नांदेडच्या टॉवरवरच्या अनोळखी माणसाला ती कशी बोलत असेल, तो घाईत बोलला तर काय करेल, हे मनात येत राहिलं. शेवटी संगीताचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"आई, उतरलं. पांढरं, लहानसं. हे तर कुंपणाला चिकटून उभे हायत, शिपाई दोनदा मागं सरा म्हणाला."

"तू रडतेस?"

"न्हाई गं. वारा हाय."

परतीच्या वेळी लातूरच्या आकाशात आणखी दोन विद्यार्थी उतरण्याचा सराव करत होते. प्रज्ञाचा आवाज पुन्हा आला, दूरचा पण स्पष्ट, ती किती मैलांवर आहे आणि किती उंचीवर आहे ते सांगणारा. कॅप्टनांनी तिला उत्तर दिलं, आणि नेमकं त्याच वेळी वरच्या एका विद्यार्थ्याने बटण दाबलं. त्याने नंतर सांगितलं की कॅप्टनांचं बोलणं संपलं असं त्याला वाटलं होतं. वर प्रज्ञाला फक्त किरकिर ऐकू आली असणार.

जुनी प्रज्ञा इथे रॉजर म्हणाली असती.

"लातूर, से अगेन," ती म्हणाली.

कॅप्टनांनी परत सांगितलं. पुन्हा त्याच मुलाने मध्येच बोलायला सुरुवात केली. पुन्हा किरकिर.

"लातूर, से अगेन," तोच आवाज, तितकाच शांत. तिला दुसऱ्यांदा विचारायला वेळ लागला नाही.

कॅप्टनांनी त्या मुलाला गप्प राहायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा प्रज्ञाला सांगितलं की औशाच्या बाजूला थांब, एक विमान धावपट्टीवर आहे. तिने प्रत्येक शब्द परत म्हणून दाखवला. ती त्या बाजूला फेऱ्या मारायला लागली. कदाचित गयाबाईंच्या शेतावरच असेल.

धावपट्टी मोकळी झाली. मागून दुसरं विमान येत होतं, म्हणून कॅप्टनांनी घाईने तिला सांगितलं की तिथूनच वळ आणि सरळ उतर. खिडकीतून तिचं विमान मला दिसत होतं. मला विमानातलं काही कळत नाही, पण ते फार उंच वाटलं.

मग ती म्हणाली, "अनेबल. टू हाय." मला जमणार नाही, मी फार उंचावर आहे. आणि पुढे सांगितलं की ती नेहमीसारखी फेरी पूर्ण करून उतरेल.

खोलीत आम्ही दोघंच होतो. तुमच्या पणजोबांनी आयुष्यात कोणाला हा शब्द म्हटला नव्हता. प्रज्ञाने तो आपल्या शिक्षकाला म्हटला, आकाशातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि सर म्हणायचीही तिला गरज वाटली नाही.

कॅप्टनांनी माइक जवळ घेतला. "रॉजर," ते म्हणाले. या वेळी रॉजर म्हणायची पाळी त्यांची होती. मागच्या विमानाला त्यांनी थांबायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "आपा, ती बरोबर आहे. मीच घाई केली. तिनं हो म्हटलं असतं तर वेगात, उंचावरून खाली आली असती, आणि मग काय झालं असतं ते मला बोलायचं नाही."

ती फेरी पूर्ण करून उतरली. चाकं टेकली तेव्हा धूळही फारशी उडाली नाही. मी बाहेर गेले तर ती विमानाच्या पंखाखालून वाकून येत होती, चेहरा घामाने भरलेला. कॅप्टन तिच्याशी हात मिळवून म्हणाले, "भूक लागली का, बेटा?"

"हाव, सर. लई."

आम्ही तिघं हँगरच्या बाहेर निलंगा राईस खायला बसलो, तो इकडचा तिखट मसालेभात. प्रज्ञाने कॅप्टनांना आधी वाढलं, मग मला, मग स्वतः घेतलं. माझ्या नाकातून पाणी यायला लागलं आणि त्या दोघांनी मला हसून घेतलं.

खाताना कॅप्टन सांगत होते की मोठ्या विमानांवर, समुद्रावरून जाताना, आता पुष्कळ निरोप टाइप करून येतात, पडद्यावर दिसतात. प्रज्ञा म्हणाली, "मग बरं हाय की सर. परत वाचता येतं. कुणाला विचारायला लागत न्हाई." कॅप्टन म्हणाले, "येतं. पण जमिनीजवळ आल्यावर अजून तोंडानंच बोलावं लागतं."

तुम्ही दोघं पुढच्या उन्हाळ्यात इकडे याल, तेव्हा तुमचं विमान उतरायला लागेल. त्या वेळी पुढच्या खोलीतला पायलट आणि जमिनीवरचा कोणी एक माणूस एकमेकांशी बोलत असतील. त्यातल्या एखाद्याला ऐकू आलं नाही तर तो परत विचारील, आणि दुसरा परत सांगेल. तोंडाने विचारायचं आणि तोंडाने सांगायचं, हे तिथे अजून शिल्लक आहे.